‘येतो’चं इंग्रजी

"ह्यात चूक कुठंय ते सांग," असं म्हणत अनंतकाकांनी एक कागद माझ्या टेबलावर ठेवला.

सदर बाजारातल्या माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासची सकाळची बॅच नुकतीच सुटली होती. मी काकांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

अनंतकाका माझ्या नात्यातले नाहीत. पण झाशीत मराठी घरं इतकी थोडी, की कोणी ना कोणी कोणाचा काका लागतोच. ते रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचा एकुलता एक मुलगा मकरंद मालवाहू जहाजावर फिटर होता, म्हणजे जहाजावरचे पाइप आणि यंत्रं दुरुस्त करणारा. एका परदेशी बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं असताना तो नाहीसा झाला. रात्री जेवायला होता, सकाळी ड्यूटीवर आला नाही. आमच्या सगळ्या घरांमधून तेव्हा दुसरा विषय नव्हता. समोरचा कागद म्हणजे कंपनीचा रिपोर्ट होता.

इंग्रजी अगदी स्वच्छ होतं. माझ्या विद्यार्थ्यांना असं लिहिता आलं तर मी क्लास बंद करून घरी बसेन. त्यात एक वाक्य असं होतं की, आईला पाठवलेल्या शेवटच्या व्हॉइस मेसेजमध्ये फिटर म्हणाला, ‘आय अ‍ॅम कमिंग.’ त्यावरून निष्कर्ष काढला होता: घरी जायचं त्याने आधीच ठरवलं होतं, आणि जहाजाभोवती फिरणाऱ्या एखाद्या होडीतून तो निघून गेला असावा. खाली शेरा होता, ‘डेझर्टर’. जहाज सोडून पळालेला.

"काका, मकरंद नेमकं काय म्हणाला होता?"

"रोज म्हणायचा तेच. येतो मी."

मी डोक्याला हात लावला.

ह्यात काय घोळ आहे ते सांगते. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम कमिंग ऑन संडे’ म्हटलं की बेत पक्का ठरलेला असतो, बहुधा तिकीटही काढलेलं असतं. ह्याला प्रेझेंट कंटिन्यूअस म्हणतात. ‘आय विल कम’ म्हणजे येईन, आत्ताच मनात आलं. नुसतं ‘आय कम’ सहसा एकटं उभं राहत नाही. त्याला पुढे ‘एव्हरी संडे’सारखं काहीतरी लागतं, म्हणजे ती सवय होते. आमचं ‘येतो’ ही तिन्ही कामं करतं. वर एक चौथं करतं, जे इंग्रजीला ठाऊकच नाही. ते म्हणजे जाणं. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला आमच्याकडे अजून ओरडा बसतो. माझ्या बॅचमधली दोन-तीन मराठी पोरं क्लासमधून निघताना ‘मॅडम, आय अ‍ॅम कमिंग’ म्हणत दाराबाहेर पडतात. बाकीचे हसतात, मीही हसत आले.

कंपनीने भाषांतर हिंदी जाणणाऱ्या कोणाला तरी दिलं असणार. बाकीचा मेसेज हिंदीतच होता, असं काकांनी सांगितलं. शेवटच्या दोन शब्दांपाशी भाषांतर करणारा अडला असेल, आणि शब्दकोशात जो पहिला अर्थ मिळाला तो त्याने बसवला. अर्थ खोटा नव्हता. फक्त त्या जागी चुकीचा होता.

"पळाला म्हटलं की त्यांचं काम संपलं," काका म्हणाले. "मग रात्री डेकवर कोण होतं, कठडा धड होता की नाही, हे विचारायची कोणाला जरूरत नाही. आणि आमचे लोक काय बोलतात ते तू ऐकलंयस ना?"

ऐकलं होतं. कोणी म्हणे तिकडे बाई असेल, कोणी म्हणे काहीतरी भानगड करून पसार झाला. पोराला लहानपणापासून पाहिलेली माणसं हे बोलत होती, त्याची मला चीड आली होती.

मी स्पीकरवर कंपनीत फोन लावला आणि ‘येतो’चं भाषांतर चुकलंय म्हणून सांगितलं. मुंबईच्या ऑफिसातले साहेब दक्षिणेकडचे होते. आवाज थकलेला, पण बोलणं नीट.

"मॅडम, येतो मतलब आता हूँ, राइट? तो मिस्टेक किधर है?"

"सर, आप ऑफिस से निकलते समय क्या बोलते हैं?"

"बाय बोलता हूँ."

"हमारे घरों में वो बाय है."

"तो फिर उसने घर आने का कुछ बोला ही नहीं?"

"नहीं बोला, सर. सिर्फ फोन रखा."

"लिखकर भेजिए. आप खुद मेसेज सुनिए और सर्टिफाय कीजिए." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मॅडम, फॅमिली को मालूम है ना? डेझर्टर निकालूँगा तो मिसिंग लिखना पड़ेगा. और बीच समंदर में मिसिंग का मतलब आप समझती हैं."

इतका वेळ मी एक चुकलेलं वाक्य दुरुस्त करत होते. ती दुरुस्ती कुठे जाऊन पोचते हे मला तेव्हा कळलं. काकांना ते आधीच कळलेलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली.

मेसेज शैलाकाकूंच्या, म्हणजे मकरंदच्या आईच्या फोनमध्ये होता, म्हणून आम्ही ऑटो करून प्रेम नगरला त्यांच्या घरी गेलो. काकू मटार सोलत बसल्या होत्या. "बैस गं वीणा, चहा टाकते," म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि का आले ते सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि फोनवर मेसेज लावून दिला.

मकरंदला मराठी समजायचं सगळं, पण उत्तर तो हिंदीतच द्यायचा. आमच्या पुढच्या पिढीचं सगळ्यांचं तसंच आहे. "मम्मी, खाना हो गया. यहाँ हवा बहुत तेज है. पापा से कहना घुटने पे तेल लगाते रहें. चलो, येतो मी." एवढंच. आवाजात कसलीही घाई नव्हती. उद्या पुन्हा बोलायचं आहे असं समजून माणूस बोलतो, तसा तो बोलला होता.

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "येतो म्हणालाय."

"काकू, पण ते..."

"मला मराठी शिकवू नकोस. जन्म गेला माझा बोलण्यात. येतो म्हणजे काय ते मला कळतं." त्यांनी फोन मांडीवर पालथा घातला. "ह्या एका वेळेला त्यांचं इंग्रजी बरोबर असू दे की."

काका दारातच उभे होते. "शैला, पळपुटा म्हणतायत आपल्या पोराला."

"म्हणू देत. पळालेला माणूस जिवंत तर असतो."

तीस वर्षं लोकांची वाक्यं सुधारत आलेली बाई मी. हे वाक्य चुकीचंच ठेवा, असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. काकू पुन्हा मटार सोलायला लागल्या.

काका मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. "तू लिही," म्हणाले. "अर्जावर सही माझी."

मी लिहिलं. काकूंसाठी गप्प बसावं असं मला फार वाटलं. पण त्या जहाजावर काय झालं हे शोधायला कोणीतरी भाग पाडायला हवं होतं, आणि ते माझ्या एका वाक्यावर अडलं होतं. ‘येतो’ला इंग्रजी शब्द शोधताना मी रडकुंडीला आले. ‘सी यू’मध्ये भेटण्याचं वचन येतं. ‘आय अ‍ॅम ऑफ’मध्ये तो निघालाच. येण्याचं नाव घेऊन जाणं इंग्रजीत बसतच नाही. शेवटी ‘बाय, देन’ लिहिलं आणि खाली चार ओळींत खुलासा केला, की हा निरोपाचा शब्द आहे, ह्यात कोणताही बेत नाही.

चौकशी पुन्हा उघडली. ज्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं असा एक खलाशी निघाला. त्या रात्री एक पाइप गळत होता आणि मकरंद तो बघायला डेकवर गेला होता, असं त्याने सांगितलं. तिथला दिवा बंद होता आणि कठड्याची साखळी लावलेली नव्हती. नव्या रिपोर्टमध्ये ‘डेझर्टर’ हा शब्द नव्हता. समुद्रात पडून मृत्यू झाल्याचं मानण्यात येत आहे, असं होतं.

काकांनी तो कागद आमच्या प्रत्येक घरी नेऊन दाखवला. वाईट बोललेल्यांच्या घरी आधी गेले. मग गुरुजींना बोलावून दर्भाचा पुतळा केला आणि मुलाचे संस्कार उरकले. मी गेले होते. काकू आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्या मला सदर बाजारात दिसल्या, भाजी घेत होत्या. मी जवळ जाऊन विचारलं, "काकू, कशा आहात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर. "ठीक हैं, मॅडम. आप बताइए," म्हणाल्या, आणि भाजीवाल्याकडे वळल्या. त्या माझ्याशी आजवर कधी हिंदीत बोलल्या नव्हत्या. आता बोलतात, आणि दर वेळी ‘आप’ म्हणून बोलतात.

क्लासच्या जोडीला लोकांच्या कागदांच्या भाषांतराची कामं मी अजूनही घेते. मात्र कागद हातात धरण्याआधी विचारते, हे बरोबर करून घरात सगळ्यांना हवंय ना? एकाने जरी मान खाली घातली, तर सांगते की दुसरीकडे दाखवा.