सांडव्यावरचं शून्य

"शून्य कसं काय येऊ शकतं, मॅडम?" प्रोजेक्ट मॅनेजर फोनवर ओरडत होते. "मागच्या वर्षी याच तलावात मासे चढले होते ना?"

चढले होते. म्हणूनच माझंही डोकं फिरलं होतं.

मी पाणलोट विकासाच्या एका संस्थेत फील्ड कोऑर्डिनेटर आहे. पाणलोट म्हणजे ज्या पट्ट्यातलं पावसाचं पाणी एका नाल्यात, एका तलावात उतरतं तो पट्टा. सिंदेवाहीकडच्या एका गावात आम्ही जुना तलाव दुरुस्त केला होता. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या वाटेने नाल्यात जातं, तो सांडवा. पावसाळ्यात नाल्यातले अंड्यांनी भरलेले मासे त्याच वाहत्या पाण्याला तोंड देत वर तलावात चढतात आणि काठाच्या उथळ गवतात अंडी घालतात. कटवा आणि असेच आमचे गावठी मासे.

ते मोजायला आम्ही सुनंदाबाईला इंटर्न म्हणून घेतलं होतं. बारावी शिकलेली, मासेमारी करणाऱ्या घरातली सून. तीन महिने काम नीट झालं तर फिश मॉनिटरची कायमची नोकरी मिळणार होती. तसं झालं तर दर उन्हाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जाणं सुटलं असतं. लेकीला घरी ठेवून जावं लागत होतं तिला.

चार दिवस ती सांडव्याच्या वर बांबूचा सापळा लावून बसली. चारही दिवस मोजणीच्या ॲपमध्ये शून्य.

मी बाइक काढली आणि गेले.

"सापळ्यात काऊन नाई येऊन राह्यले?" मी विचारलं.

"वर चढतीन तवा येतीन ना, मॅडम. खाली पाहा."

खाली पाहिलं. जुना सांडवा दगडांचा उतार होता. या उन्हाळ्यातल्या दुरुस्तीत आम्ही तो काढून गुडघाभर उंचीची गुळगुळीत काँक्रीटची भिंत घातली होती. मासे त्या भिंतीवर उड्या मारत होते आणि मागे पडत होते. तोंडं फुटली होती त्यांची. इथल्या मासेमार घरांची एक रीत आहे: मासे चढत असताना सांडव्याखाली कोणी जाळं टाकत नाही. ती माणसं पाळीवर, तलावाच्या बांधावर, नुसती उभी होती. आणि बाहेरून आलेले लोक मच्छरदाण्यांनी पोतीच्या पोती भरत होते.

सुनंदाबाईचे सासरे गोमाजीभाऊ माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मीटिंगीत मी बोललो होतो, दगडं राहू द्या म्हून. तुमी हो म्हणल्या होत्या."

बोलले होते ते. मी हो म्हणाले होते. आणि नंतर मॅनेजरनी पाठवलेल्या त्या भिंतीच्या ड्रॉइंगवर मीच सही केली होती. राग कोणाचा जास्त आला, मॅनेजरचा की माझा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी तिथूनच फोन लावला. "सर, मोजणी बरोबर आहे. चूक आपली आहे. भिंतीला उतार द्यायला लागेल, आजच."

"पावसाळ्यात काम मंजूर होत नाही. पुढच्या आठवड्यात निधी देणारे पाहुणे येतायत. मागच्या वर्षीचा आकडा टाका."

"खोटा आकडा मी टाकणार नाही."

"मग त्या बाईला मोजता येत नाही असं लिहा. बारावी पास बाई ठेवल्यावर दुसरं काय होणार?"

मी शून्यच पाठवलं, खाली माझं नाव घालून. तिसऱ्या दिवशी सुनंदाबाईची इंटर्नशिप बंद झाल्याचं पत्र आलं. कारण: डेटा क्वालिटी. मी ऑफिसात जाऊन भांडले, टेबलावर हात आपटला. पत्र काही मागे गेलं नाही.

गोमाजीभाऊंनी मंजुरीची वाट पाहिली नाही. आमच्या ठेकेदाराने पाळीमागे फेकलेले जुने दगड पाच-सहा घरच्या बायामाणसांनी उचलून आणले आणि भिंतीला लागून उतार रचला. मीही दगड वाहिले. दुसऱ्या सकाळी मासे चढले. जे उरले होते ते. सुनंदाबाई नोकरी नसताना सापळा लावून बसली आणि लेकीच्या वहीत मोजणी लिहिली.

पाहुणे आले. मॅनेजर त्या दगडांवर उभे राहून म्हणाले, "ही आमची फिश लॅडर, माशांची शिडी. लोकल मटेरियल." टाळ्या वाजल्या. मी मध्येच बोलले, हे कोणी बांधलं ते सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावली आणि सगळे जेवायला गेले. रिपोर्टात फोटो मॅनेजरांचा आहे. फिश मॉनिटरच्या जाहिरातीत आता पदवीची अट आहे.

मी माझ्या सहीने अनुभवाचं पत्र लिहून सुनंदाबाईच्या घरी नेलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि मलाच परत दिलं.

"तुमच्या सहीचं काय करू, मॅडम? सही तर त्या भिंतीवर बी होती. पुढचा सांडवा बांधसान तवा आंधी मले बलवा."

सध्या माझ्या टेबलावर दोन नव्या सांडव्यांची ड्रॉइंग पडून आहेत. मॅनेजर रोज विचारतात, सही का अडली? मी सांगते, सुनंदाबाई भाताच्या रोवणीत आहेत. त्यांना वेळ झाला की त्या बघतील, मग सही होईल.