तीन गावांची तूरडाळ

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या कुसाबाई मेथीची जुडी कधी वरून बघून घेत नाहीत. दोरा सोडून मधल्या काड्या तपासतात. चाळीस वर्षं स्वतः जुड्या बांधून विकल्या, त्यामुळे वर हिरवंगार ठेवून आत काय दडवतात ते त्यांना पाठ आहे. माणसंही त्या तशीच तपासतात. मी त्यांचा शेजारी, बहिरू. बायको गेल्यापासून सकाळचा चहा त्यांच्याकडेच घेतो, तरी मी साखर दोनदा घालत नाही ना, यावर त्यांचा डोळा असतोच.

त्यांची नात वेदिका सहा वर्षांची. थंडी पडली की तिच्या छातीत शिट्टी वाजते. गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, उबदार हवेला नेऊन बघा, कदाचित फरक पडेल. मुलगा योगेश अंबडच्या एका कारखान्यात आहे. त्याच्या कंपनीची समुद्राकाठी तीन ठिकाणी कामं होती: वसई, अलिबाग, रत्नागिरी. हवं ते गाव घे, पण सोमवारपर्यंत कळव, असं साहेबांनी सांगितलं. सून तेजस्विनीही नोकरी करते, म्हणजे पोरीला सांभाळायला आजी हवीच.

"मला गाव पटलं तर येईन," कुसाबाई म्हणाल्या. "नायतर मी हाय तिथं बरी."

पहिला संशय डॉक्टरवर आला. तेजस्विनीची बहीण चिपळूणला, म्हणजे कोकणातच दिलेली. "त्यो डॉक्टर सुनंच्या वळखीचा तर नाय?" असं त्यांनी मला कुंपणावरून विचारलं. मग साहेबावर. तीन गावं दाखवतो म्हणजे तिन्ही कुणाला नको असणार, हा त्यांचा हिशेब.

जानेवारीत, तो सोमवार यायच्या आत, आम्ही पाचही जण माझ्या गाडीतून निघालो. कुसाबाईंच्या पिशवीत घरची तूरडाळ आणि एक पातेलं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी पोराबाळांना पाजायचं नाही, हा त्यांच्या आईपासूनचा नियम. कुकर चालत नाही. त्यांच्या मते कुकरात दगडही शिजतो.

वसईत डाळ शिजली, पण बाईंना माणसं पटली नाहीत. "समदे पळत्यात. पोर पडलं तर थांबंल कोण?" अलिबागला ज्या गल्लीत घर बघितलं, तिथे बंगलेच बंगले आणि निम्म्यांना कुलपं. माळ्याने सांगितलं, मालक शनिवारी येतात, रविवारी जातात. "म्हंजे सोमवारी आजारी पडायचं नाय," बाई म्हणाल्या आणि डाळ न शिजवताच गाडीत येऊन बसल्या. योगेशचा चेहरा उतरला. मला तर म्हातारीचा रागच आला. पोरगी मागच्या सीटवर बसली होती आणि ही गावांच्या जुड्या सोडत बसली होती.

रत्नागिरीत रोहिणी नावाच्या बाईंकडे मुक्कामाला दोन खोल्या घेतल्या. कुसाबाईंनी आधी बाजारात मेथीची जुडी सोडून पाहिली. आत स्वच्छ. मग भाजीवालीला विचारलं, इथे स्वेटर विकायला कोण येतं का? ती हसली. ते हसूही बाईंनी तपासूनच घेतलं. दुपारी सगळ्यांना समुद्रावर पाठवून त्या डाळीपाशी बसल्या.

मी पाकीट विसरलो म्हणून अर्ध्या वाटेवरून परतलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, डाळ मेणासारखी शिजली होती. बाईंनी ती बोटांत चिरडून पाहिली, मग मागच्या दारी कोंबड्यांना ओतली. पातेलं विसळलं, नवी डाळ टाकली आणि गॅस बारीक केला.

मी पाकीट घेतलं आणि पाय न वाजवता बाहेर पडलो.

चार वाजता सगळे परत आले, तेव्हा पातेल्यात टणक डाळ होती. "शिजली नाय," बाई म्हणाल्या. "पाणी जड हाय." तेजस्विनीने पिशव्या भरायला घेतल्या. योगेशने फोन हातात घेतला. साहेबांना नाशिकच म्हणून कळवायचं, एवढंच उरलं होतं.

वेदिका वाळूने माखलेली, धापा टाकत आली. बाईंनी सवयीने तिच्या पाठीला कान लावला. मग दुसऱ्या बाजूला. विश्वास बसेना, म्हणून तिला अंगणात एक फेरी पळायला लावलं आणि पुन्हा कान लावला. पोरगी खिदळत होती, आजीच्या पदराने तिला गुदगुल्या होत होत्या.

"शिट्टी नाय," बाई म्हणाल्या. मग योगेशकडे न बघता, "डाळ शिजली व्हती. मी कोंबड्यास्नी टाकली. मला भ्या वाटलं रे. इथं मला कोण वळखतं?"

कुणी रागावलं नाही. तेजस्विनीने त्यांचा हात धरला आणि ती रडली. योगेशने तिथेच उभ्या उभ्या साहेबांना फोन लावला.

मी गाडी पुसायच्या निमित्ताने बाहेर आलो, तर बाई मागून आल्या.

"खिडकीतून तू बघितलंस. तुझी सावली पडली व्हती पातेल्यावर."

मी मान हलवली.

"मग गप का ऱ्हायलास, बहिरू?"

त्यांनी माझ्याकडे मेथीच्या जुडीकडे बघतात तसं बघितलं. मी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. त्यांच्या घराला कुलूप लागलं, की सकाळी मी चहाला कुणाकडे जाणार होतो?