उभी मावशी

गल्लीत तिला सगळे उभी मावशी म्हणत. दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी. गिऱ्हाइकाने स्टूल पुढे केलं तर म्हणे, "बसून का कुणाच्या कॉलरी कडक होतात?" बसायची ती फक्त नवऱ्यापाशी. लकव्याने त्याचं निम्मं अंग गेलेलं. पलंगावरून गडगडायचा, म्हणून जमिनीवरच गादी. बोलण्यात एकच शब्द उरलेला, "ये." तो म्हणाला की ही मांडी घालून बसणार आणि एकेक घास भरवणार. मुलीने भरवलं तर थुंकून टाकी मेला!

मावशी मोरीत पाय घसरून पडली, तेव्हा हिने हूं की चूं केलं नाही. सांगितलं तर दवाखान्यात टाकतील, मग ह्यांना कोण बघणार? जांघेत कळ यायची, ही ओठ चावून इस्त्री फिरवायची. अगं बाई, सोसण्यालाही काही माप असतं की नाही! शेवटी एका सकाळी पायच उचलेना.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "आधी खुब्याला नुसती चीर असणार. तेव्हाच आला असता तर स्क्रू घालून भागलं असतं, हाड तुमचंच राहिलं असतं. चालून चालून ते सरकलंय. आता या वयात स्क्रू धरतील याचा भरवसा नाही, पुन्हा कापावं लागेल. त्यापेक्षा वरचा गोळा काढून धातूचा बसवू. उद्या उभ्या राहाल. पण जमिनीवर बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. सांधा निखळेल."

तिने 'उद्या उभ्या' एवढंच ऐकलं. "बसवा," म्हणाली.

आणि राहिली हो उभी! वॉकर ठोकत घरी आली, तर नवऱ्याचे गाल आत गेलेले. "पाण्याशिवाय काही घेतलं नाही गं," मुलगी रडकुंडीला आली होती.

त्याने हिला पाहिलं. "ये."

मुलीने खुर्ची दिली. तिथून चमचा पोचेना. वाकायला गेली, तशी मुलीने खांदे धरले. "आई, नको!" मुलीने चमचा घेतला, तर त्याने तोंड फिरवलं.

ती वॉकर धरून उठली, गादीला अगदी खेटून उभी राहिली. तिला रडू आवरेना. त्याने चालत्या हाताने वॉकरचा पाय घट्ट पकडला आणि खाली ओढू लागला.

"सोडा हो, पडेन मी."

"ये," तो म्हणाला.