आरशातलं गिऱ्हाईक

इस्पितळात तिला सगळे आरसेबाई म्हणायचे. डोक्याला जबर मार बसलेली, डोळे उघडे पण नजर हरवलेली माणसं ज्या वॉर्डात महिनोन्‌महिने पडून असतात, तिथे आत कुणी जागं आहे का, हे शोधायचं तिचं काम. हाका मारायच्या, टाळी वाजवायची, बोट उचलायला सांगायचं, आणि मग आरसा तोंडासमोरून हळूच फिरवायचा. माणूस बाकी सगळं विसरेल, पण स्वतःच्या चेहऱ्यामागे त्याची नजर जाते, हा तिचा अनुभव. बाई मोठी फटकळ. रुग्णाला कुणी नुसतं ‘ओंडका’ म्हटलं, तर त्याची तिथल्या तिथे बिनपाण्याने करायची.

या खेपेला खाटेवर एक न्हावी होता, जिन्यावरून पडलेला. तिने सकाळी तपासलं, दुपारी तपासलं, पण हूं की चूं नाही. आरसा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, नजर ढिम्म हलेना. आज शेवटची तपासणी होती. आजही काही दिसलं नाही, तर व्यायाम-उपचार बंद, आणि त्याची रवानगी मागच्या इमारतीत, जिथे फक्त भरवतात आणि कूस बदलतात. बायको पायथ्याशी जीव मुठीत धरून उभी होती.

आजही तेच झालं. आरसेबाई आवराआवर करायला लागली. रडू आवरायचं म्हणून असेल, बायको काहीबाही बोलत सुटली. अख्ख्या गल्लीची डोकी यांच्या हातची, पण स्वतःची मिशी जन्मात सारखी कापली नाही, एक बाजू कायम वर. आयुष्य आरशासमोर गेलं, पण स्वतःकडे बघायला यांना वेळ कुठे होता.

आरसेबाईचा हात थांबला. अगं बाई! हा बाबा जन्मभर आरशात गिऱ्हाईक बघत आला, आणि आपण त्याला त्याचंच तोंड दाखवत बसलो. स्वतःच्या अकलेला तिने मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि कामाला लागली. खाटेची डोक्याकडची बाजू उंच करून त्याला बसतं केलं. त्याच्यापुढे स्टूल ठेवून बायकोला पाठमोरी बसवलं, आणि स्वतः तिच्यासमोर आरसा धरून उभी राहिली. मग बायकोला हळूहळू एका बाजूला झुकायला सांगितलं.

त्याची बुबुळं सरकली. बायको झुकली तिकडे. मग दुसरीकडे. योगायोग नको म्हणून आरसेबाईने पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा. दर वेळी नजर आरशातल्या तोंडामागोमाग. इतकी वर्षं हेच काम करूनही तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुलूप लावलेल्या घरात आतून कुणी कडी वाजवावी, तसं झालं तिला. माणूस घरातच होता की!

“आहेत,” ती म्हणाली. “आत आहेत ते.”

बायको आनंदाने रडेल असं आरसेबाईला वाटलं होतं. पण ती स्टुलावरून उठली, नवऱ्याकडे वळली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. रोज भेटीच्या वेळी ती याच खाटेशी बसून बहिणीला सांगायची, असं जगण्यापेक्षा सुटले असते तर बरं झालं असतं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “ते सगळं ऐकलंत तुम्ही?”

त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलली नाही.