उंबऱ्यावरचा फुलका

जुन्या जालन्यातल्या लालचंद शेठच्या घरी तारादेवी लग्न होऊन आल्या, तेव्हापासून रोज पहिला फुलका गायीला जायचा आणि शेवटचा कुत्र्याला. पस्तीस वर्षांत कुत्री बदलली, फुलका चुकला नाही. सध्या वाटेकरी होता गल्लीतला काळ्या, एक कान तुटलेला. अकराच्या सुमाराला तो पायरीखाली येऊन बसायचा. हाक मारावी लागायची नाही.

सुनेने, कनिकाने, माहेरून पांढरं झिपरं पिल्लू आणलं होतं, मिष्टी. काळ्या दिसला की ती जाळीच्या दारामागून घसा बसेपर्यंत भुंकायची. बुधवारी तारादेवींना वाटलं, दोघांना शेजारी बसवून खाऊ घालावं, म्हणजे वैर मिटेल. पोरांची भांडणं त्यांनी अशीच एका ताटात मिटवली होती. फुलक्याचे दोन तुकडे करून त्यांनी तूप लावलं आणि जाळी उघडली.

मिष्टीने आपला तुकडा हुंगलासुद्धा नाही. ती थेट काळ्याच्या तुकड्यावर झेपावली. काळ्याने तिची मान धरली. तारादेवींनी मध्ये हात घातला, आणि भेदरलेल्या मिष्टीचेच दात त्यांच्या तळहातात रुतले.

मिष्टीला सहा टाके पडले. तिला मांडीवरून खाली ठेवायला कनिका तयार नव्हती. दवाखान्यात तारादेवींच्या हाताला पट्टी बांधताना डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं घरचं की बाहेरचं? सुनेचे सुजलेले डोळे बघून त्या बाहेरचं म्हणाल्या.

ते गल्लीभर झालं. आज बाईला चावलं, उद्या लेकरांना चावेल, असं जो तो शेठना येऊन सांगू लागला. शुक्रवारी शेठनी दुकानातला हमाल संपत याला दोरी आणि पोतं घेऊन बोलावलं. काळ्याला टेम्पोतून नेऊन अंकुशनगरच्या पुढे उसात सोडायचं ठरलं.

अकराला काळ्या आला, नेहमीच्या जागी बसला.

"भाभी, फुलका तेवढा टाका," दाराआडून संपत हळूच म्हणाला. "त्यानं मान खाली घातली की मंग मी बघतो."

तारादेवींच्या उजव्या हाताला पट्टी होती, फुलका डाव्यात. काळ्या शेपूट हलवत होता. दुसऱ्या कुणी टाकला असता तर तो आधी दोनदा मागे सरला असता.

"दोरी ठेव, संपत," त्या म्हणाल्या. "मला हा चावला नाही. मिष्टी चावली. जाळीही मीच उघडली होती."

शेठनी विचारलं, "मग दवाखान्यात काय सांगितलं?"

"खोटं सांगितलं."

मागे कनिका उभी होती. "माझ्यासाठी खोटं बोला, असं मी म्हटलं नव्हतं, मम्मीजी," एवढं बोलून ती मिष्टीला घेऊन आत गेली.

संपतने पोत्याची घडी घातली. तारादेवींनी जाळीला बाहेरून कडी लावली आणि फुलका घेऊन कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशी गेल्या. वळून पाहिलं, तर काळ्या अजून पायरीखालीच बसून दाराकडे बघत होता. आत मिष्टीचं भुंकणं सुरू झालं होतं.

आज पहिल्यांदाच त्यांना त्याला हाक मारावी लागली.