श्वासमास्तर आणि मागच्या वर्षीचा स्कॅन

दिवसभर “श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा” असं ओरडून ओरडून त्याचं नावच श्वासमास्तर पडलं होतं. घरी बायको भांडायला लागली तरी हा म्हणायचा, “हं, आता धरून ठेवा.” कपाळ माझं! पण सीटी स्कॅनच्या खोलीत त्याच्यासारखा हात कुणाचा नाही. थरथरणारा पेशंटही त्याच्यापुढं गप निजायचा.

मागच्या वर्षी त्याच्या ताईच्या पाठीत चमक निघाली. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलेलं, त्यामुळे तिच्यापुढं मास्तर म्हणजे शेळी. डॉक्टरांना संशय मुतखड्याचा. “शिरेतून औषध देऊन काढायचा का स्कॅन? आतलं सगळं उठून दिसतं.” त्यांनी विचारलं. हाच म्हणाला, “नको हो, सुई बघून पळून जाईल ती. खडा काय, तसाही दिसतो.” आणि दिसलाही. इवलासा. सगळे खूश.

यंदा ताईचं वजन उतरलं, न बोलावता रक्तात साखरही आली. या खेपेला औषध देऊन स्कॅन काढला. स्वादुपिंडात गाठ, शेजारच्या रक्तवाहिनीला मिठी मारून बसलेली. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं.

मास्तरानं जुना स्कॅन काढून नव्याशेजारी लावला. गाठ कुठंच दिसेना, सगळं एकसारखं राखाडी. फक्त स्वादुपिंडाच्या मधली दोऱ्याएवढी नळी जराशी फुगलेली, गाठीची पहिली खूण.

“आता माहीत आहे म्हणून दिसतंय,” डॉक्टर हळूच म्हणाले. “तेव्हा मीही खडाच शोधत होतो. औषध दिलं असतं तरी गाठ दिसली असतीच, असं नाही सांगता येत.”

“नसती दिसली, असंही नाही ना?”

डॉक्टरांनी जुना स्कॅन बंद केला.

चार दिवस त्यानं ताईकडं जायचं टाळलं. पाचव्या दिवशी गेला, तर दारातच ती म्हणाली, “या मास्तर! किती दिवस धरून ठेवणार? सोडा आता.”

मग सुईचं, नळीचं, सगळं भडाभडा बाहेर आलं. ताई रागावली का? रागावली तर! पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

“सुईला मी भिते, हे खरं,” शेवटी म्हणाली. “पण मला विचारायचंस की, गाढवा.”

“चुकलो गं.”

“दाखव बघू ते चित्र.”

त्यानं फोनवर उघडून दिलं, बोट ठेवलं. चष्मा नाकावर ओढून तिनं कितीतरी वेळ पाहिलं.

“मला तर काहीच दिसत नाही रे.”

तिनं फोन बाजूला ठेवला आणि लहानपणी धरायची तसा त्याचा कान धरला. हलकेच धरला. सोडला मात्र नाही.