फरशीवरचं छत

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या आमच्या घरी कोणी आलं की मी आधी ओरडायचे, "उड्या मारा!" पाहुणा बिचारा पाय धुऊन आत आलेला. त्याला फरशांच्या कोपऱ्यांवर चवडे टेकत खुर्चीपर्यंत टुणटुण जायला सांगणारी ही कसली सून, म्हणून तो सासूबाईंकडे बघायचा. सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

त्याचं असं, की बैठकीतल्या प्रत्येक शहाबादी फरशीवर मी खडूनं एकेक आकडा लिहून ठेवला होता. मी कॉलेजात गणित शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते. प्रश्न आमच्या गावाला शोभेलसाच होता: दिवसभर उन्हात तापलेलं सिमेंटचं छत सूर्य मावळल्यावरही माणसाला का भाजतं? आमची फरशी म्हणजे ते छत, आणि फरशीवरचा आकडा म्हणजे तिथलं तापमान. एक फेरी म्हणजे छतावरची दहा मिनिटं. दर फेरीला प्रत्येक फरशीचा नवा आकडा तिच्या चार शेजारणींवरून काढायचा आणि जुना ओल्या फडक्यानं पुसायचा. शेजारणींमुळे डोकं तापतं, हे काही बायकांना समजावून सांगायला नको. कागदावर करून पाहिलं होतं, पण खोडून खोडून कागदाला भोकं पडली. पुण्या-मुंबईला म्हणे असलं गणित यंत्रं करत. आमच्याकडे फरशी होती.

माझे मार्गदर्शक पुण्याचे. त्यांनी बजावलं होतं, "लग्न झालेल्या मुली अर्धवट सोडतात. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत निकाल आणा, नाहीतर तुमचं नाव काढून टाकतो." असं पित्त खवळलं माझं! आता काही झालं तरी नाव राहिलंच पाहिजे.

पण फरशी पडली सासूबाईंची. त्यांचं माहेर दुधनीकडचं, कानडी मुलखाच्या शिवेवरचं. माझ्यावर रागावल्या की मला कळू नये म्हणून कानडीत पुटपुटायच्या. शब्द कळायचे नाहीत, पण अर्थ चांगला कळायचा.

"या खोलीत फडकं फिरंना," त्या म्हणायच्या. "लक्ष्मी यायची कुटनं?"

"माझा पगार येतो की, आत्या!"

शेवटी तह झाला. फरशी पुसायच्या आधी मी सगळे आकडे पाटीवर उतरवून घ्यायचे. फरशी वाळली की पाटीवरचे आकडे पुन्हा खाली मांडायचे आणि तिथून पुढे चालू. याला मी मुक्काम म्हणायचे. गाडी जिथं मुक्कामाला थांबते तिथूनच पुढे निघते, परत घरून नाही.

मुक्काम किती वेळा करायचा, यावरून मात्र माझी नवऱ्याशी जुंपायची. सुरुवातीला मी दर फेरीला पाटी भरायचे. "गणित कधी करणार? नुसत्या नकला चालल्यात," हे म्हणाले. मग मी चिडून मुक्कामच सोडले, आणि नेमकी शेजारची शेळी आत शिरली. मेलीला खडूची चव आवडली. छत चाटून, वर लेंड्या टाकून गेली, आणि मला कुठल्या कुठं मागच्या मुक्कामावर जावं लागलं. हे पोट धरून हसत होते. तेव्हापासून रोज एक मुक्काम, असं ठरलं.

निकाल लिहून ठेवायचीही तीच तऱ्हा. आधी मी एकूण एक आकडा जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर उतरवत होते. छतावर नीट उजाडायच्या आतच पत्रिका संपल्या आणि अक्कल आली: मार्गदर्शकांना हव्या होत्या फक्त मधली आणि कडेची फरशी. मग त्या दोघींचेच आकडे कोळशानं भिंतीवर लिहू लागले. भिंत बघून सासूबाई बराच वेळ कानडी बोलल्या.

नवरात्राच्या आधी घर धुवायला निघालं. आमची खूण ठरलेली होती: माझ्या हातात पाटी दिसली की सासूबाईंनी बादली आणायची. पाटी एकच, म्हणून मी एका कडेनं जुने आकडे पुसत त्या जागी नवे लिहीत चालले होते. निम्मी पाटी झाली होती. सासूबाईंनी पाटी बघितली आणि भसकन बादली ओतली.

माझा पावसाळाभरचा घाम मोरीकडे निघाला. पाटीवर निम्मे आकडे आजचे, निम्मे कालचे. म्हणजे निम्म्या छतावर संध्याकाळ आणि निम्म्यावर दुपार! असलं छत ब्रह्मदेवालाही घालता यायचं नाही.

"हेच हवं होतं ना तुम्हाला?" मी किंचाळले. "घ्या, धुवा! काढू दे माझं नाव!" आणि चांगली प्राध्यापक बाई मी, ओल्या फरशीवर बसून भोकाड पसरलं.

सासूबाई कानडीत काही बोलल्या नाहीत. "आता परत कुटनं धरायचं?" एवढंच विचारलं.

"सूर्य उगवल्यापासून."

"मग उगवू दे की. रडून काय उगवतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून दोन कोऱ्या पाट्या आणल्या. एक माझ्याकडे, एक त्यांच्या पिठाच्या डब्यात. नवी पुरती भरून दाखवल्याशिवाय जुनीला हात लावू देत नसत. एकदा मी घाईत डबा उघडला, तर बोटांवर उलथनं बसलं. गणिताला वेळ मिळावा म्हणून मला स्वयंपाकातून काढलं आणि ह्यांना भाकरीला बसवलं. ह्यांच्या भाकरीला कोपरे असायचे. "शेळीला हसला होतात ना?" मी म्हणायचे, "चावा आता."

लक्ष्मीपूजनाचा दिवस आला तरी छतावर अजून रात्र सरायची होती. मला सासूबाईंची दया आली. मी आपणहून बादली उचलली. "आत्या, दोन्ही पाट्या भरल्यात. काही बुडत नाही. धुते फरशी."

"ठिव ती बादली. गाडं पळतंय न्हवं? मग कशाला अडवती?"

"आणि लक्ष्मी?"

त्यांनी रांगोळीचा डबा घेतला आणि उंबऱ्यापासून लक्ष्मीची पावलं काढायला बसल्या. एक पाऊल या फरशीच्या कोपऱ्यात, तर दुसरं पार पलीकडच्या. एकाही आकड्याला धक्का नाही.

"अहो, इतकी लांब लांब?"

"हितं येनारा परत्येक जन उड्या मारतो. तिलाच काय म्हनून सूट? मारू दे की तिलाबी!"

सुट्टी संपायच्या आत मी निकाल घेऊन पुणं गाठलं. नाव राहिलं. परतले आणि दारातूनच ओरडून सांगितलं, तर सासूबाई बादली घेऊन तयारच होत्या. फरशी घासता घासता माझ्याकडे न बघता कानडीत काहीतरी म्हणाल्या. अर्थ कळला मला. तरी मी मुद्दाम त्यांच्या मागे लागले, "आत्या, मराठीत सांगा की!" पण म्हातारी वस्ताद, शेवटपर्यंत सांगितलं नाही.